भरीचे शब्द

काव्यलेखनाच्या कार्यशाळेत मी वृत्तं शिकवते. त्या दिवशी भुजंगप्रयात होतं. लघु-गुरु-गुरु, म्हणजे आखूड-लांब-लांब उच्चाराच्या तीन अक्षरांचा यगण हा गट चार वेळा, म्हणजे ओळीला बारा अक्षरं. सत्तरी ओलांडलेल्या एका काकांनी पत्नीच्या शेवटच्या रात्रीवर चोवीस ओळी लिहून आणल्या होत्या. लगक्रम, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, कुठेही चुकला नव्हता.

'दिवा जाहला मंद तो हा घराचा.'

'तो हा'खाली मी पेन्सिलीने रेघ मारली. हे भरीचे शब्द, वृत्तातली रिकामी जागा बुजवायला आणलेले. पुढे 'रे', 'की', 'असा हा'... पानभर रेघा झाल्या. काकांचा चेहरा उतरला. मलाही कसंसंच झालं.

म्हटलं, "काका, वही जरा बाजूला ठेवा. त्या रात्री काय झालं ते नुसतं सांगा."

"ती पाणी मागत होती. द्यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. मग ओला कापूस ओठांना लावत बसलो. रात्रभर."

मी वही पुन्हा वाचली. चोवीस ओळींत कापूस कुठेच नव्हता.

"हे का नाही लिहिलंत?"

"मॅडम, वृत्तात कापूस कसा शोभेल?"

"म्हणून मुक्तछंदच बरा," मागून एक मुलगी म्हणाली. मीही तेच सुचवणार होते. पण सगळा दोष वृत्ताच्या माथी मारणं पटेना. मराठीत मुक्तछंद रुजवणाऱ्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींची दशपदी घडवली. 'दशपदी' याच नावाच्या त्यांच्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मोकळं लिहिणाऱ्यालाही बांधणीची ओढ वाटतेच की!

मी फळ्यावर 'कापसाने' लिहून त्याचा लगक्रम मांडला: गुरु, लघु, गुरु, गुरु. भुजंगप्रयातात अलगद बसणारा शब्द. काका बोटांवर मोजत राहिले, दोनदा खोडलं, मग हळू आवाजात वाचलं:

'किती कापसाने भिजावेत ओठ.'

शेवटचा 'ठ' लघु आहे, पण चरणाच्या अखेरीस तो गुरु धरतात. बारा अक्षरं, त्यात भरीचं एकही नाही. 'झाला'चा 'जाहला' करण्याची वेळही आली नाही.

पुढच्या वर्गाला ते नवी कविता घेऊन आले. मुक्तछंदात, जेमतेम नऊ ओळी. दिवा गेला होता. मधोमध ती एक ओळ मात्र जशीच्या तशी होती.

"बाकी सगळं मोडलं, मॅडम," काका म्हणाले. "ही मोडवेना."