इंटरनेट अर्काइव्ह बंद झाले तेव्हा : पुरवठादाराकडे केलेल्या तक्रारीचा अनुभव

ऑगस्ट २०१७ च्या दुसऱ्या आठवड्यात भारतातील अनेक इंटरनेट जोडण्यांवर ‘इंटरनेट अर्काइव्ह’ हे जुनी पुस्तके, चित्रफिती आणि संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून विनामूल्य उपलब्ध करून देणारे संकेतस्थळ उघडेनासे झाले. पडद्यावर एवढाच इंग्रजी मजकूर येत असे, की दूरसंचार विभागाच्या निर्देशांनुसार ही लिंक बंद करण्यात आली असून अधिक माहितीसाठी प्रशासकाशी संपर्क साधावा. हा प्रशासक कोण, तो भेटतो कुठे आणि निर्देश कशावरून निघाले, याविषयी त्यात चकार शब्द नव्हता. जुन्या मराठी पुस्तकांची एक सूची मी त्या काळात पुण्यात घरी बसून तयार करत होतो, आणि ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात स्कॅन झालेली बरीच मराठी पुस्तके मला याच संकेतस्थळावर मिळत असल्यामुळे माझे काम अडले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. मी पाहत असलेल्या पुस्तकांचे बहुतेक लेखक स्वातंत्र्यापूर्वीच दिवंगत झालेले होते.

कारण लवकरच बातम्यांतून कळले. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी चोरीच्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली होती आणि सुमारे २६५० संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश न्यायालयाने दिला होता. त्या यादीत अर्काइव्हही होते. चोर कोण हे ठाऊक नसताना अज्ञात प्रतिवादींविरुद्ध असा आदेश मिळवण्याची पद्धत आपल्या चित्रपटसृष्टीत २०११ पासून चांगलीच रुळली आहे. यादी निर्माता देतो, आदेश न्यायालय देते आणि अंमलबजावणी इंटरनेट पुरवठादाराच्या गळ्यात पडते. यादीतला पत्ता न् पत्ता उघडून पाहण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला नीट येत नाही. पुरवठादाराचा हिशेब सरळ असतो. बंद करायचे ते राहून गेले तर न्यायालयाचा अवमान होतो, आणि नको ते बंद झाले तर फार तर माझ्यासारखा एखादा ग्राहक फोन करतो.

तसा फोन मी केला. पलीकडच्या मुलाने अतिशय अदबीने राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, ‘सर, बाकी साइट चालू आहेत ना? मग आपल्याकडून नेट ओके आहे.’ त्याच्या संगणकावर तक्रारींचे जे ठरावीक प्रकार होते, त्यांत वेग कमी, जोडणी खंडित आणि बिल या तिन्हींपैकी कशातच माझी तक्रार बसेना. शेवटी त्याने ती ‘जोडणी खंडित’ या सदरात टाकली, आणि परिणामी दुसऱ्या दिवशी एक तंत्रज्ञ शिडी घेऊन दारात उभा राहिला. त्या बिचाऱ्याने जिन्यातली डबी उघडून वायर तपासली, वेग मोजून दाखवला आणि सगळे ठीक असल्याची माझी सही घेतली. सही करताना मी त्या कागदावर ‘जोडणी सुरू आहे, अमुक संकेतस्थळ पुरवठादाराने बंद केले आहे’ असे स्वतःच्या हाताने लिहिले, आणि पुढे याच ओळीचा उपयोग झाला.

मधल्या वेळेत काही गोष्टी मी स्वतः पडताळून पाहिल्या, कारण तक्रारीत नेमकेपणा असल्याशिवाय कोणी ती वाचत नाही. शेजाऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीची जोडणी होती. तिच्यावर संकेतस्थळ उघडत होते. माझ्या जोडणीवर पत्त्याआधी साधे ‘एचटीटीपी’ लिहिले की तो मजकूर दिसे आणि ‘एचटीटीपीएस’ म्हणजे सुरक्षित जोडणीचा पत्ता लिहिला की पान नुसतेच फिरत राही. सुरक्षित जोडणीत पुरवठादाराला मध्ये स्वतःचा मजकूर घुसवता येत नाही, त्यामुळे बंदी कोणी घातली हेदेखील कळत नाही आणि सामान्य माणूस आपलेच नेट बिघडले असे समजून गप्प बसतो. प्रत्येक प्रकाराचे चित्र वेळेसह जपून ठेवले.

तक्रार ‘निकाली’ काढल्याचा संदेश आल्यावर मी अपील केले. ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्याच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो आणि ग्राहकाचे समाधान झाले नाही तर पुरवठादाराच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते. ते अपील ३९ दिवसांत निकाली निघाले पाहिजे, असाही नियम आहे. प्राधिकारी कंपनीचाच असतो हे खरे, परंतु त्याला सल्ला देणाऱ्या दोन जणांच्या समितीत एक सदस्य ग्राहक संघटनेचा असतो, म्हणून अर्ज निदान दोन वेगळ्या डोळ्यांखालून जातो.

अपिलात मी बंदी उठवा अशी मागणी केलीच नाही. न्यायालयाचा आदेश कंपनी कशी मोडणार? मी मागितले ते एवढेच, की कोणत्या न्यायालयाच्या, कोणत्या तारखेच्या आदेशाने हे पान बंद आहे आणि हरकत कुठे घ्यायची, हे पडद्यावर लिहावे. या मागणीला आधार होता. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संपूर्ण संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला होता, नेमक्या लिंकांची पडताळणी करून घेतली होती आणि बंद पानावर सविस्तर माहिती दाखवण्याचा आग्रह धरला होता. त्याच सुमारास, बंद पान नुसते पाहिले तरी तीन वर्षे तुरुंगवास होईल, अशा अर्थाच्या एका सूचनेने देशभर घबराट पसरली होती. तेव्हा निव्वळ पाहणे हा गुन्हा नव्हे, हेही त्यांनीच स्पष्ट केले. मद्रास उच्च न्यायालयालासुद्धा हा धडा नवा नव्हता. २०१२ मध्ये तिथल्याच एका आदेशाचा आधार घेऊन पुरवठादारांनी चित्रफिती दाखवणाऱ्या व्हिमिओसारखी संकेतस्थळे पूर्ण बंद केली होती आणि जून महिन्यात न्यायालयाला, बंदी केवळ विशिष्ट लिंकांपुरती आहे, असा खुलासा करावा लागला होता.

अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच अर्काइव्ह माझ्याकडे पुन्हा उघडू लागले. पुरवठादाराकडून ना सूचना आली, ना दिलगिरी. उत्तर आले ते मुदतीच्या अगदी शेवटी : संकेतस्थळ सध्या उपलब्ध असल्यामुळे तक्रारीचे कारण उरलेले नाही. तंत्रज्ञाच्या कागदावरची माझी ओळ मात्र त्यात उद्धृत केलेली होती, आणि बंदी ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी निर्देशांनुसार’ घातली होती, अशी कबुलीही होती. बंद पानावर माहिती लिहिण्याच्या माझ्या मागणीवर एकच वाक्य होते, की सूचना ‘संबंधित विभागाकडे’ पाठवण्यात आली आहे.

चित्रपट चोरीला जातात आणि त्यात लहान निर्मात्यांचे कंबरडे मोडते, याविषयी मला शंका नाही; माझ्या ओळखीच्या एका संकलकाचे मानधन अशाच एका चित्रपटात बुडाले. म्हणूनच अर्ज करताना मी बंदीच्या हेतूविषयी एकही शब्द खर्च केला नाही, आणि कोणी असा अर्ज करणार असेल तर त्यालाही मी तेच सुचवेन. तक्रार फोनवर नोंदवली तरी क्रमांक लेखी मागून घ्यावा. ‘जोडणी सुरू आहे’ हे स्वतःच्या अक्षरात नोंदवून ठेवावे, नाहीतर वायर तपासून प्रकरण मिटवले जाते. आणि संकेतस्थळ पुन्हा उघडले म्हणून अपील मागे घेऊ नये, कारण बंदी घातली होती हे कंपनीच्या सहीने कागदावर येते ते त्या उत्तरातच.