गल्प सोडून टास्कवर आलो त्याची गोष्ट

आम्ही दोघं छोट्या वेबसाईट करतो, मी फोंड्याला आणि पार्टनर डिचोलीला. होमस्टे, रेस्टॉरंट, मधेच एखादं देवस्थान. जुन्या साइट्सचा सगळा बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार साइट बांधायचं काम, गल्प ३ या टूलवर होता. नवीन लॅपटॉप आला, त्यावर नवीन नोड (गल्प ज्यावर चालतं ते), आणि पहिल्याच रनला "प्रायमॉर्डियल्स इज नॉट डिफाइन्ड". जुनं गल्प वापरलेल्यांना हा एरर पाठ असणार, नोड १२ पासून गल्प ३ चालतच नाही, मग एकतर जुन्या नोडला चिकटून बसा नाहीतर गल्प ४ साठी फाईल नव्याने लिहा. म्हटलं लिहायचंच आहे तर गल्प तरी कशाला, आपलं काम काय तर सास कंपाइल करून सीएसएस काढा, ईएसबिल्डने जेएस (जावास्क्रिप्ट) बांधा, फोटोंचं वेबपी (हलका फॉरमॅट) करा आणि आरसिंकने सर्व्हरवर ढकला, सगळी कमांड लाइनवर चालणारी टूल्स, मधे प्लगइन हवंय कुणाला.

पहिला विचार मेक या जुन्या बिल्ड टूलचा. १९७६ चं आहे पण अजून ठणठणीत. फक्त ते फाईल शेवटची कधी बदलली ती वेळ बघतं, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या ठेवणारं टूल) ब्रँच बदलून परत आलं की मजकूर तोच पण वेळ नवी, मेक पुन्हा कामाला लागतं. शिवाय पार्टनरचा विंडोज, तिथे मेक आधी इन्स्टॉल करा, नि मेकच्या फाईलीत टॅबच्या जागी स्पेस पडली की रडारड वेगळीच.

मग टास्क नावाचं टूल घेतलं, तेही मेकसारखं कामं चालवणारं. गो भाषेत लिहिलेलं, एकच बायनरी (थेट चालणारी फाईल), बाकी काही लागत नाही. याम्ल फॉरमॅटची एक टास्कफाईल (इथे उलट, टॅब चालत नाही!), प्रत्येक कामाला नाव, खाली कमांड. शेल (कमांड चालवणारा भाग) आतच असल्यामुळे तीच फाईल विंडोजवरही चालते.

खरी मजा सोर्सेस (कामात जाणाऱ्या फाइल्स) आणि जनरेट्स (त्यातून बनणाऱ्या) मध्ये. सोर्सेसमध्ये दिलेल्या फाइल्सचा चेकसम (मजकुरावरून काढलेली खूण) टास्क एका डॉट-टास्क फोल्डरमध्ये ठेवतं (तो गिटइग्नोरमध्ये टाका, म्हणजे गिट त्याकडे बघणार नाही) आणि मजकूर बदलला नसेल तर "अप टू डेट" म्हणून पुढे जातं. पण देवस्थानच्या साइटवर जत्रेचे ढीगभर फोटो, त्यातला एक बदलला तरी ते पूर्ण काम चालणार, सगळे फोटो परत वेबपी. मेक या बाबतीत हुशार, ते एकेका फाइलपुरतं बघतं. म्हणून अल्बमप्रमाणे तोडलं, एकच काम, त्याला अल्बमचं नाव व्हेरिएबल म्हणून द्यायचं. मात्र लेबलमध्येही (कामाचं दाखवायचं नाव) ते व्हेरिएबल घालायला लागतं, नाहीतर सगळ्या अल्बमचा चेकसम एकाच नावाने बसतो आणि एक दुसऱ्याचा पुसतो. आता जत्रेचे नवे फोटो आले की तेवढाच अल्बम चालतो.

अजून एक, डेप्समध्ये (आधी व्हायला हव्या त्या कामांची यादी) लिहिलेली कामं एकदम सुरू होतात. सास आणि जेएसला बरंच आहे ते, पण जुना आउटपुट पुसणारं काम डेप्समध्ये ठेवलं तर एकीकडे बांधतंय आणि दुसरीकडे पुसतंय. ते कमांडच्या यादीत पहिलं घालायचं आणि बांधायचं काम त्याच यादीत त्याच्या खाली, तिथे एकामागून एकच चालतात.

डिप्लॉयला (सर्व्हरवर चढवायला) प्रॉम्प्ट ठेवलाय, हो म्हटल्याशिवाय आरसिंक सुरूच होत नाही. पार्टनरला तो कटकट वाटतो, पण सीझनमध्ये होमस्टेवाले रात्री अकराला रेट बदलून मागतात तेव्हा तोच बरा पडतो.