कॅमेरा बघायला जाताना खिशात सहा इंची पट्टी ठेवा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मातीचं कानातलं जेमतेम अडीच सेंटीमीटरचं. गोकाकचं रंगीत लाकडी फळ तळहातावर मावतं. असल्या वस्तूंचे ऑनलाइन विक्रीसाठी फोटो काढायला कॅमेरा घेताना ‘मेगापिक्सेल किती?’ हे नंतर विचारा. आधी बघायचं ते हे, की लेन्स अगदी जवळ नेली तर फ्रेमच्या रुंदीत किती सेंटीमीटर बसतात.

हे दुकानातच मोजता येतं. किट लेन्सचा (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सचा) झूम ५५ वर न्या, लेन्सवरचं बटण ‘एमएफ’वर, म्हणजे हाताने फोकसवर टाका आणि फोकसची रिंग सर्वांत जवळच्या टोकाला फिरवा. आता पट्टी समोर आडवी धरून कॅमेराच मागेपुढे करा. आकडे स्पष्ट झाले की फोटो काढा आणि सेंटीमीटर मोजा. कॅननच्या १८-५५ एफ ३.५-५.६ एसटीएम लेन्सवर साधारण ६ सेंटीमीटर दिसतात. सगळे ज्याची शिफारस करतात त्या ५० एमएम एफ १.८ एसटीएमवर मात्र साडेदहा. पोर्ट्रेटला ती झकास, पण झुमक्यांसाठी वेगळे पैसे घालून तीच घेण्यात अर्थ नाही. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. ६ सेंटीमीटरच्या फ्रेममध्ये अडीच सेंटीमीटरच्या कानातल्याला २५०० पिक्सेल मिळतात. ऑनलाइन विक्रीला तेवढे पुरून उरतात.

कसुतीच्या भरतकामाचा एकेक टाका दाखवायचा असेल तरच एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घ्या. ५० एमएमवर १२ एमएमची ट्यूब लावली की साडेदहाचे ५ सेंटीमीटर होतात. इथे एक फसगत ठरलेली. धातूचे संपर्कबिंदू नसलेली ट्यूब स्वस्त मिळते, पण त्यावर कॅननचं ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) बदलता येत नाही. ते पूर्ण उघडं राहतं, एक टाका स्पष्ट आणि शेजारचा धूसर.

वापरलेला कॅमेरा घ्यायला काहीच हरकत नाही. कॅनन १३००डी किंवा निकॉन डी३३०० या कामाला भरपूर झाला. निकॉनच्या मूळ जेपीजी फाइलमध्ये शटर किती वेळा पडलं तो आकडा असतो. कॅननच्या या स्वस्त मॉडेलांच्या फाइलमध्ये तो नसतो, तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, बॉडीची झीज बघा. निकॉन डी३१०० किंवा डी३२०० घेताना लेन्सवर ‘एएफ-पी’ लिहिलंय का बघा. तशी लेन्स या बॉडीवर फोकसच करत नाही, हातानेसुद्धा नाही. बाहेरचा फ्लॅश वापरणार असाल तर कॅनन ३०००डी आणि २००डी मार्क २ टाळा. फ्लॅशच्या खाचेतली मधली पिन तिथे काढून टाकलेली आहे, त्यामुळे फ्लॅश पेटवणारे साधे ट्रिगर चालत नाहीत. शेवटी ॲपर्चर एफ १६ वर ठेवून (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. सेन्सरवरची धूळ करड्या ठिपक्यांसारखी उमटते.

फोन चांगला असेल तर तूर्त कॅमेरा घेऊच नका, हेही सांगायला हवं. फक्त जवळच्या फोटोंसाठी दिलेला २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो’ कॅमेरा विसरा. मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांब उभं राहून २एक्स झूमवर काढा. अगदी जवळ गेलात तर मडक्याचं तोंड फुगतं आणि बूड बारीक दिसतं. पोर्ट्रेट मोडही नको, कानातल्याचा हूकच पुसून टाकतो.

फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा फोकसच्या जाडीमुळे. ६ सेंटीमीटरच्या फ्रेममध्ये एफ ८ ला जेमतेम ३ मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. झुमक्याची पुढची कळी नीट, मागची विरघळलेली. एफ २२ वर नेलं तर सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. त्यापेक्षा मागे सरका, ११ सेंटीमीटरची फ्रेम घ्या आणि नंतर क्रॉप करा. त्याच एफ ८ वर क्रॉपनंतरही साधारण ५ मिलिमीटर मिळतात. ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००. मग शटर कितीही संथ चालेल.

वीस हजार हाताशी असतील तर दोनेक हजार ट्रायपॉड आणि उजेडासाठी बाजूला काढाच. ऊन थेट न येणारी खिडकी, तिच्यावर बटर पेपर, समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा. गोकाकच्या खेळण्यांवरची चकाकी यानेच आवरते. उघड्या बल्बखाली फळावर पांढरा डाग बसतो आणि तो नंतर काढता येत नाही. खोलीतली ट्यूब बंद करा, नाहीतर एक बाजू निळी, दुसरी पिवळी. लाल मातीचा रंग ऑटो व्हाइट बॅलन्सवर (कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेल्या रंगछटेवर) हमखास चुकतो, म्हणून वस्तूच्या जागी कोरा कागद ठेवून कस्टम बॅलन्स घ्या. पांढऱ्या पार्श्वभूमीला कॅमेरा करडी करतो, तिथे एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ करा.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात लेन्सला बुरशी धरते. घेतानाच मागून टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघा. दिसले तर लेन्स परत द्या, भाव कितीही उतरला तरी. घरी कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ओलावा शोषून रंग बदलणारं सिलिका जेल घाला, आणि दाण्यांचा रंग पालटला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. ती कढई मात्र स्वयंपाकाची नको.