ऑइल कूलर बदलणं सोपं, तेल धुऊन काढणं वैतागाचं

कूलंटच्या बाटलीत तपकिरी चिकट साका दिसला की मेकॅनिक सरळ 'हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग) गेलं' म्हणून मोकळा होतो. पण दोष ऑइल कूलरचाही असू शकतो, म्हणजे कूलंटने इंजिनचं ऑइल गार करणाऱ्या भागाचा. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर तीन-चार बार असतं, कूलंटचं जेमतेम एक. म्हणून कूलर आतून फुटला की तेल पाण्यात शिरतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, थंड इंजिन सुरू करताच बाटलीत बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केटच्या खुणा नाहीत, तर आधी कूलरच काढून बघावा. त्याची ऑइलची एक वाट रबर दाबून बंद करायची, दुसरीतून दीड-दोन बार हवा सोडायची आणि कूलर गरम पाण्याच्या बादलीत बुडवायचा. बारीक चीर थंड पाण्यात कधीकधी उघडतच नाही.

बदलण्यात विशेष काही नाही. ऑइल-कूलंट काढा, बोल्ट सोडवा, जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, नव्या ओ-रिंगला ऑइल लावून बसवा. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, एम ६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नव्हे. अ‍ॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

खरा छळ पुढे आहे. 'दोनदा पाणी मारा, झालं' असं सगळे सांगतात. होत नाही! तेल रेडिएटरच्या बारीक नळ्यांना आणि हीटरच्या जाळीला चिकटून बसतं, गार पाण्याला दाद देत नाही. पाणी गरम हवं, पण थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) ८० अंशांच्या पुढेच उघडतो, तोवर रेडिएटरला काही पोचत नाही. म्हणून धुवायच्या वेळी थर्मोस्टॅट काढूनच ठेवावा, निम्मा वेळ वाचतो. हीटर पूर्ण गरमवर. मे महिन्यात मराठवाड्यात ही शिक्षाच. काचा उघडून बाहेर उभं राहावं.

भांडी घासायचं लिक्विड वापरू नका. फेस होतो, पंप फेस ढकलत नाही आणि इंजिन तापतं. रेडिएटर धुवायचं तयार द्रावण, म्हणजे रेडिएटर फ्लश घ्या, डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा. दरवेळी इंजिन गार होईपर्यंत थांबायचं, कारण तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. उन्हाळ्यात हे थांबणंच जीव खातं. मी तर संध्याकाळीच सुरुवात करायला सांगेन. पाणी सोडण्याआधी बाटलीत वर तरंगणारं तेल सिरिंजने ओढून घ्यावं, नाहीतर ते पुन्हा खाली उतरून सगळं लडबडतं. बाटली वेगळी काढून धुवा किंवा सरळ नवी घाला. ऑइल लागलेले रबरी पाइप फुगून मऊ पडतात, ते दाबून बघा आणि मऊ लागले तर बदला.

आधीच्या फेऱ्या नळाच्या पाण्याने चालतील, शेवटच्या दोन मात्र डिस्टिल्ड पाण्याच्या. बोअरचं पाणी आत राहिलं तर क्षार बसतात. ब्लॉकमध्ये लिटर-दीड लिटर पाणी राहतंच, त्यामुळे तयार मिसळलेलं कूलंट ओतलं की ते पातळ होतं. पाणी न मिसळलेलं घट्ट कूलंट घ्या, एकूण मापाच्या निम्मं आधी ओता, मग डिस्टिल्ड पाण्याने भरा. हवा काढताना गाडीचं तोंड वर असावं.

ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवेच. ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर ३००-५०० किलोमीटरला पुन्हा बदला, बेअरिंग त्यापेक्षा महाग पडतं.

आणि काढलेलं कूलंट घमेल्यात उघडं ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री पितात आणि मरतात.