तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं बंद असताना आम्ही ड्यूटीवर का जातो?

"सिस्टर, लोकल बंद, रस्त्यात पाणी, तरी तुम्ही जाता कशा हो? भीती नाही वाटत?" लग्नात, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही हा प्रश्न येतो. बहुतेकदा विचारणारीच उत्तरही देऊन टाकते, "सेवाभाव, दुसरं काय!"

सेवाभाव आहेच. पण गुडघाभर पाण्यातून जाताना माझ्या डोक्यात असते ती वॉर्डात ताटकळलेली सिस्टर. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, आल्याशिवाय आणि तिला ओव्हर, म्हणजे पेशंटची सगळी माहिती, दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं असतं. कुठल्या बेडला कुठलं सलाईन चालू आहे, कुणाची लघवी कमी झालीय, कुणावर रात्रभर लक्ष ठेवायचंय, हे सगळं दुसरीच्या हवाली करायचं आणि मग पर्स उचलायची. मी गेले नाही तर ती तिथेच अडकते. आणि तिची वेळ आली की ती माझ्यासाठी येते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात इव्हनिंग ड्यूटीला होते. नाईटची कुणी पोहोचलीच नाही. मी थांबले, वॉर्डातल्या मदतनीस मावशीही थांबल्या. सकाळी आमची एक मैत्रीण मुंब्र्याहून रुळांवरून चालत आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. म्हणाली, "तू कालपासून उभी आहेस, हे डोक्यातून जाईना." तुमच्या प्रश्नाला याहून खरं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

मात्र मनात असलं तरी पोहोचता यायला हवं. न्यूयॉर्कच्या ४७ आरोग्यसंस्थांमधल्या सहा हजारांवर कर्मचाऱ्यांची एक पाहणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्यात दोन्ही गोष्टी वेगळ्या विचारल्या होत्या. मोठ्या हिमवादळात यायची तयारी ८० टक्क्यांची होती, पण पोहोचू शकू म्हणणारे ४९ टक्केच. सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराच्या साथीत उलटं: पोहोचू शकणारे ६४ टक्के, तयार मात्र ४८ टक्के. पोहोचण्यात आड येत होतं वाहन, लहान मुलं, घरातली म्हातारी माणसं. तयारीच्या आड येत होती स्वतःची आणि घरच्यांची काळजी.

आकडे तिकडचे, पण आमचा पूर आणि आमचा कोरोना मला त्यात स्पष्ट दिसतो. मी कळव्यात राहते, पाणी ओसरलं की खाडीचा पूल चालत ओलांडता येतो. बदलापूर, आसनगावहून इतक्या लांबून येणाऱ्या मुलींनी काय करायचं? मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या. अत्यावश्यक सेवेसाठी त्या पुन्हा सुरू झाल्या १५ जूनला. मधल्या काळात या मुलींना एसटीचा आधार होता. कितीतरी जणी पहाटेच घर सोडायच्या.

त्या वेळी मला भीती वाटायची, खूप वाटायची. सासूबाईंना मधुमेह, मुलगी लहान. घरी आले की दारातूनच थेट न्हाणीघरात, कपडे गरम पाण्यात, मग मुलीला लांबूनच हाक. सासूबाईंनी "तू जा, हिचं मी बघते" म्हटलं नसतं, तर मी गेले असते का? ठामपणे नाही सांगता येत. ज्यांच्या घरी असं म्हणणारं कुणी नव्हतं, त्यांच्यातल्या काही जणी आल्या नाहीत. त्यांना भित्र्या म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो. कोविड सेंटरवर कंत्राटी म्हणून लागलेल्या मुलींबद्दल "पैशासाठी आल्या" असं बोललं गेलं, त्याचाही. घर चालवायला पगार लागतो आणि त्या मुलींनी पीपीई किटमध्ये घामाने निथळत पेशंट सांभाळले. दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या असू शकतात.

पुन्हा साथ आली तर जाल का, असंही विचारता. जाईन. पण आता आधी विचारेन: किट पुरेशी आहेत का, बस कुठून आणि किती वाजता सुटणार, रात्री थांबावं लागलं तर झोपायला खोली आहे का, मी आजारी पडले तर माझ्या माणसांचं कोण बघणार. ज्या कंत्राटी मुलीला हे विचारायची भीती वाटते, तिच्या वतीनेही विचारेन.