आबाजींची चाल

मागच्या उन्हाळ्यात घराचे कवेलू फेरायला काढले, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी कित्येक वर्षांनी खाली आली. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. बाबांचे धाकटे काका सत्तरच्या दशकात नोकरीनिमित्त मुंबईला राहत असत आणि दिवाळीला किंवा पोळ्याला गावी येताना सोबत कॅमेरा आणत. त्यांनी घेतलेल्या चलच्चित्रांची सात रिळे त्या पेटीत होती. झाकण उघडताच आंबट वास आला आणि माझ्या मनात धस्स झाले, कारण तो वास काय सांगतो हे मी वाचून होतो.

त्या काळातल्या घरगुती फिल्मची पट्टी बहुधा सेल्युलोज अॅसिटेटची असे. उष्णता आणि दमटपणा यांमुळे अॅसिटेटचे विघटन होऊन त्यातून अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, सुटू लागते. आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाचा वेग वाढवते. पट्टी आक्रसते, वाकडी होते, ठिसूळ पडते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापणारा आणि पावसाळ्यात ओल धरणारा आमचा माळा म्हणजे फिल्मसाठी सर्वांत वाईट जागा होती. नाकाशी धरून पाहिल्यावर सातांपैकी एकाच रिळाला तो वास असल्याचे कळले. आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते, म्हणून ते रीळ त्याच दिवशी कागदी खोक्यात वेगळे ठेवले.

घरात काकांचा प्रोजेक्टरही आहे आणि त्यावर एक रीळ लावून पाहावे असा आग्रह सगळ्यांनीच केला, पण मी तो मानला नाही. वाळलेली पट्टी प्रोजेक्टरच्या ओढीने तुटते, आणि मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने जळते. त्याऐवजी मी घरगुती वापराचा एक स्वस्त फिल्म स्कॅनर मागवला. हे यंत्र एलईडीच्या थंड प्रकाशात एकेक चित्र थांबवून टिपते आणि साधारण सेकंदाला दोन चित्रे या गतीने पुढे सरकते. सुपर ८ या आठ मिलिमीटर रुंदीच्या घरगुती फिल्मच्या पन्नास फुटी रिळात ३६०० चित्रे असतात. ती पडद्यावर तीन मिनिटे वीस सेकंदांत संपतात, पण स्कॅन व्हायला पूर्ण अर्धा तास लागतो. वीज मध्येच गेली तर तोवरचे सारे काम फुकट जात असल्यामुळे मी यंत्र इन्व्हर्टरवरच चालवले.

आमच्या सातांपैकी दोन रिळे जुन्या साध्या ८ मिमीची आणि पाच सुपर ८ ची निघाली. कोडॅकने साधी ८ मिमी फिल्म १९३२ मध्ये आणि सुपर ८ ही १९६५ मध्ये आणली. दोन्हींची रुंदी सारखीच आहे, पण सुपर ८ ची कडेची भोके लहान असल्यामुळे चित्राला जास्त जागा मिळते. तरीही ते चित्र सुमारे ५.८ गुणिले ४ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढेच असते. त्या दाण्यावर बसलेला धुळीचा एक कण पडद्यावर माणसाचा चेहरा झाकू शकतो, आणि आमच्या घरात धुळीच्या जोडीला कापसाचे तंतूही उडत असतात. म्हणून प्रत्येक रीळ लावण्याआधी यंत्राची खिडकी मऊ ब्रशने झाडली आणि पट्टी तंतू न सोडणाऱ्या कापडाच्या घडीतून हलक्या हाताने ओढून घेतली. हट्टी डागांसाठी ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पातळ केलेल्या स्पिरिटमध्ये पाणी असते आणि पाण्याने फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, त्यामुळे ते वापरू नये.

पहिल्याच रिळात उजेडाचा घोळ झाला. दृश्य कापसाच्या गाड्यांच्या रांगेचे होते. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली, त्यानंतरच्याच एखाद्या हंगामातले ते असावे. यंत्राने आपल्या मनाने उजेड ठरवला, आणि गाड्यांमधला कापूस, बैलांची अंगे आणि माणसांची धोतरे यांचा मिळून एकच पांढरा पडदा झाला. उजेडाची पातळी एक पायरी खाली आणून मी ते रीळ पुन्हा लावले, तेव्हा कापसाला पोत आला आणि गाडीच्या टोकाशी बसलेले एक लहान मूल दिसू लागले. ते आधीच्या स्कॅनमध्ये नव्हतेच. पांढऱ्यात हरवलेला तपशील नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही, उलट थोडे काळपट आलेले चित्र पुढे उजळता येते. या यंत्राची खरी उणीव वेगळी आहे. ते चित्रे फार दाबून साठवते, त्यामुळे फिल्मचा बारीक रवा पुसट होतो. म्हणून स्कॅन झाले तरी मूळ रिळे मी जपून ठेवली आहेत.

दुसरी मोठी चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. साध्या ८ मिमीच्या एका रिळात दर्यापूरच्या स्टेशनवरचे दृश्य आहे. शकुंतला नावाची आमच्याकडची आगगाडी वाफेच्या इंजिनासह उभी आहे आणि माझे आजोबा, म्हणजे आबाजी, फलाटावरून चालत येत आहेत. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी काढून डिझेलचे लावले गेले आणि आता तर ती गाडीही धावत नाही, त्यामुळे ते दृश्य मला विशेष मोलाचे वाटत होते. मी मोठ्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला, ते टीव्हीवर पाहायला बसवले. ती पंच्याऐंशीच्या घरात आहे आणि आबाजींची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, सर्वांत जास्त सेवा तिनेच केली आहे. ती त्यांना मामाजी म्हणते. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "हे काई मामाजीचं चालनं नाई. मामाजी असे धावत नोयते जात." तेवढ्यात वीज गेली आणि पाहणे तिथेच थांबले.

तिचे म्हणणे अगदी खरे होते. हे यंत्र प्रत्येक रिळाची फाइल सेकंदाला वीस चित्रे या गतीने बनवते, पण सुपर ८ साधारणपणे अठराच्या गतीने आणि साधी ८ मिमी सोळाच्या गतीने घेतलेली असते. म्हणजे सुपर ८ ची फाइल ९० टक्के आणि साध्या ८ मिमीची ८० टक्के गतीवर आणावी लागते. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता वेग कमी केला, तर ते शेजारची दोन चित्रे एकमेकांत मिसळून मधली भर घालते आणि हलणाऱ्या हातापायांच्या कडा पुसट होतात. त्यामुळे साध्या ८ मिमीच्या फाइलचा मूळ दरच सोळा ठरवून घ्यावा. त्यातही काकांचा पहिला कॅमेरा चावीचा होता आणि अशा कॅमेऱ्याची गती नेहमी तंतोतंत राहत नाही, म्हणून मी साडेपंधरा, सोळा आणि साडेसोळा अशा तीन प्रती तयार केल्या.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, पोरे लाकडी बैल घेऊन गावात फिरायला गेल्यावर, मी मोठ्या आईला कोणती प्रत कोणत्या गतीची हे न सांगता तिन्ही प्रतींची सुरुवात दाखवली. तिने सोळाची निवडली. बैलगाडीच्या चाकाखाली पाय सापडल्यापासून आबाजी उजवा पाय जरा उशिरा उचलत, हे मी ऐकून होतो; त्या प्रतीत तो उशीर प्रत्येक पावलाला दिसत होता. ती प्रत मी पुढे चालू ठेवली. मोठी आई खुर्चीत पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "हं, आता हायेत मामाजी. आता थांबतीन, अन् डावा हात कमरेवर ठेवतीन."

फलाटाच्या कडेशी आबाजी थांबले आणि त्यांनी डावा हात कमरेवर ठेवला.