हॅटफिल्ड फॉरेस्ट: तोडत राहिल्यामुळे टिकलेलं जंगल

ऑक्टोबरात एका शनिवारी आईला घेऊन हॅटफिल्ड फॉरेस्टला जाऊन आले. इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये, स्टॅन्स्टेड विमानतळाला जवळजवळ चिकटून हे जंगल आहे, त्यामुळे डोक्यावरून विमानं जातच राहतात. त्यांचा त्रास धरून परत फिरू नका. सुमारे हजार एकरांचं हे जंगल बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून राजाचं शिकारीचं रान होतं, आणि तेव्हा आणलेल्या जातीची ठिपकेदार फॅलो हरणं आजही तिथे आहेत. ऑक्टोबर हा त्यांच्या माजाचा महिना. झाडीतून नराचा घोरल्यासारखा आवाज आला, तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला.

आईचं बालपण संगमेश्वरजवळच्या वाडीत गेलं. पहिलंच म्हातारं हॉर्नबीमचं झाड बघून ती थबकली. "अगं, हे तर कवळ तोडलेल्या ऐनासारखं दिसतंय!" कवळ म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला (त्यालाच राब म्हणतात) तोडलेल्या पानांसकट फांद्या. अगदी बरोबर ओळखलं तिने. इथे अशा झाडाला पोलार्ड म्हणतात. गुरांचं आणि हरणांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर खोड छाटायचं, वर फुटलेल्या फांद्या काही वर्षांनी जळणाला काढायच्या आणि पुन्हा फुटू द्यायच्या. अशी छाटलेली झाडं न छाटलेल्यांपेक्षा जास्त जगतात. एका पोकळ खोडात आईने हात घातला तर आत ओल्या तंबाखूसारखा लालसर चुरा, आणि त्याच खोडाच्या माथ्यावर मनगटाएवढ्या ताज्या फांद्या.

पोलार्ड बघायचे तर मोकळ्या गवताळ मैदानांत बघा, कारण गुरं चरायची ती तिथे. दाट झाडी म्हणजे कॉपिस. तिथे झाडं जमिनीलगत तोडतात आणि कोवळे फुटवे जनावरांनी खाऊ नयेत म्हणून काही वर्षं कुंपण घालतात. गुरं, हरणं, जळण आणि इमारती लाकूड, सगळ्यांची सोय एकाच रानात बसवलेली! वनांचे इतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांच्या मते मध्ययुगीन फॉरेस्टची, म्हणजे राजाच्या शिकारीच्या रानाची, सगळी अंगं एकत्र टिकलेली ही एकमेव जागा. मला हे फार मोलाचं वाटतं. 'हात न लावलेलं' जंगल शोधत इथे आलात तर खरी गंमत हुकेल.

हे सगळं जाणारच होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इस्टेट विकली गेली आणि लाकूडतोड सुरू झाली. जंगलं वाचवण्यासाठी झटणारे एडवर्ड नॉर्थ बक्स्टन यांनी मृत्युशय्येवरून यातला भाग विकत घेतला आणि 1924 मध्ये जंगल नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं.

जंगलातलं तळं अठराव्या शतकात तेव्हाच्या मालकांनी, हूब्लाँ घराण्याने, करवून घेतलं. काठावर शिंपल्यांनी सजवलेलं छोटं शेल हाऊस आहे. कॅफे आणि स्वच्छतागृहं तिथेच. आईसारख्या गुडघे दुखणाऱ्यांनी तळ्याभोवतीच्या लाकडी वाटेवरून चालावं.

लंडनहून यायचं तर लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून बिशप्स स्टॉर्टफर्डची गाडी, मग जंगलाजवळच्या टेकली गावाकडे जाणारी बस. चालायची हौस असेल तर फ्लिच वे घ्या. जुन्या रेल्वेमार्गावरची ही सपाट वाट जंगलाच्या उत्तर कडेने जाते. गाडीने आलात तर पार्किंगचे पैसे पडतात, ट्रस्टच्या सभासदांना ते माफ आहेत.

जमीन चिकणमातीची आहे. पाऊस पडून गेला की नेहमीचे बूट कामाचे नाहीत, गमबूटच हवेत. हिवाळ्यात काही वाटांवरून जाऊ नका अशी विनंती केलेली असते, ती मनापासून पाळा. तुडवलेल्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात गवतात गोचीड असतात. पायजमा मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा. माझ्या मते मेअखेर सर्वांत छान, मैदानं बटरकपच्या फुलांनी पिवळी होतात.

परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. आमची चुकली. मग संधिप्रकाशात फ्लिच वेवरून आम्ही दोघी सावकाश चालत स्टेशनला आलो, आणि वाटभर आई मला राब कसा भाजतात ते सांगत होती. टॉर्च मात्र जवळ असू द्या.